गोचीड

तांदळाच्या कणीएवढा काळा तुकडा, दोन्ही अंगांना केसासारखे पाय, पाठीवर एक अक्षर नाही — भिंगाखाली पांढऱ्या फडक्यावर तो पडला होता, आणि तपासनीस त्याच्याकडे इतका वेळ बघत होता की आता हा चालायला लागेल असं त्याला वाटलं. चालला असता तर बरं झालं असतं. निदान हाताखाली चिरडता आला असता.

"गोचीड," शिंपीण म्हणाली. ती शिंपीण नव्हती. सुईसारख्या तापल्या टोकानं ती पेटीतले भाग जोडायची, म्हणून तिला सगळे शिंपीण म्हणत, आणि आता तीसुद्धा स्वतःला तेच म्हणायची. "एवढीशी गोचीड काका, आणि अख्खी म्हैस आडवी केली."

तो हसला नाही. एरवी हसला असता. कालपासून त्याचे कान चालत होते पण मागचं काही चालत नव्हतं — म्हणजे वाक्य आत यायचं आणि तिथंच उभं राहायचं, पाहुण्यासारखं, बसा म्हणायला कोणी नाही.

काल दुपारी मालवाहू विमान रोजच्यासारखं कारखान्यावरून गेलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, शिंपिणीच्या टेबलावरची वाटी खणखणली, आणि तिनं सहज पडद्याकडे बघितलं. पडदा स्वच्छ. वर्तुळ, रेघा, आणि मोकळं आकाश. विमान डोक्यावर आणि पडद्यावर काही नाही. तिनं त्याला हाक मारली ती बाळंतिणीच्या खोलीतून मारतात तशी, दबक्या आवाजात.

ही पेटी म्हणजे रडारचं डोकं. सीमेवरच्या ठाण्यांवरची सगळी रडारं परदेशी, मित्रदेशाची, आणि त्यांची डोकीही मित्रदेशाची. डोकं चालू राहायला वर्षाला एक सांकेतिक आकडा घालावा लागे, आणि तो घालायला मित्राचा माणूस येई. यंदा तो आला नाही. मित्र रागावला होता. कशावर, ते दर आठवड्याला बदलायचं — कधी आपण कुणाशी बोललो म्हणून, कधी कुणाशी बोललो नाही म्हणून. वर्तमानपत्रात लिहून येई की संबंध दृढ आहेत, आणि इथं एकेक ठाणं आंधळं होत चाललं होतं. म्हणून ही पेटी. आपली. चार वर्षं खपून केलेली, सगळी इथली, या हातांची...

सगळी नाही. हा एक तुकडा सोडून.

तो काय करतो हे कोणालाच माहीत नव्हतं. जुन्या पेट्यांत होता, म्हणून मेलेल्या जुन्या पेट्यांतून उपटून नव्या पेट्यांत बसवला. जसंच्या तसं. तीस वर्षं या कारखान्यात ते एकच शिकवलं गेलं — जसंच्या तसं ठेवा, झाकण उघडू नका, विचारू नका. मित्राचा माणूस यायचा तेव्हा पहिल्या वर्षी त्यानं हात जोडून सांगितलं होतं की कृपा करून सगळ्यांनी बाहेर जावं. दुसऱ्या वर्षी नुसतं दाराकडे बघितलं. मग बघायचीही गरज उरली नाही. तो बॅग उघडायच्या आत सगळे आपणहून उठत, बाहेर जाऊन चहा पीत उभे राहत, आणि शेवटी निघणारा दार हलकेच ओढून घेई. आवाज होऊ नये म्हणून. तपासनीसच बहुतेक वेळा शेवटी निघत असे. दाराची ती पितळी मूठ अजूनही तळव्याला आठवते, तिची गार... आणि तो माणूस चांगला होता हो, हसरा, तपासनिसाच्या पोरीसाठी दरवर्षी रंगीत पेन्सिली आणायचा. त्याच्यावर राग धरावा म्हटलं तर चेहराच आड येतो.

राग त्याच्या देशावर होता. तो मात्र घट्ट होता. हिवाळ्यात बायको गेली, त्यानंतर सकाळी अंथरुणातून उठायला काही कारणच सापडेना, तेव्हा तो राग कामी आला. उठायचं, कारण त्यांना दाखवायचंय. दाढी करायची, कारण त्यांना दाखवायचंय. स्वयंपाकघरात उभं राहून एकट्यानं गिळायचं आणि निघायचं. निघताना नळ पूर्ण सोडून पुन्हा करकचून बंद करायचा — ती करायची तसा. मागच्या सुट्टीत पोरीनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, आई ते करायची कारण जुना नळ गळायचा. हा नवा आहे. मीच बसवून दिला होता की." नळ नवा होता, चकचकीत, त्याच्या डोळ्यांसमोर बसवलेला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तसंच केलं.

आणि गोचीड काय करते ते काल कळलं. आकडा मिळाला नाही की ती डोळे मिटते. तेवढंच तिचं काम. मित्रानं घातलेली बेडी, आणि आपण ती जुन्या पायातून काढून, धुऊनपुसून, नव्या पायात आपल्या हातानं ठोकली. शिंपिणीनं सकाळी ती काढून पाहिली — पेटी सुरूच होईना. चार वर्षं पेटी तिच्याभोवतीच तर बांधली होती.

"साहेब बोलावतायत," शिंपीण म्हणाली. मग आवाज खाली आणून, "काका, जेवून जा. उपाशी पोटी माणूस कशालाही हो म्हणतो."

तो न जेवताच गेला.

मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, खिडकी लावून घेतली. ते त्याच्यापेक्षा लहान होते, आणि झोप न झालेल्या माणसासारखे पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.

"किती टिकते?"

"सांगता येत नाही. आकड्याची किती वाट बघायची ते गोचीड ठरवते. ही सहा आठवडे टिकली. दुसरी सहा दिवसांत जाईल."

"पण सहा आठवडे तरी बघते ना? जुनी तर महिनाअखेर बंदच पडणार. काही नसण्यापेक्षा..."

"साहेब, जुनी बंद पडते तेव्हा पडदा काळा होतो. लाल दिवा लागतो. पोरांना कळतं की आपण आंधळे झालो. ही बंद पडली की शेवटचं चित्र तसंच धरून ठेवते. ही सांगत नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दुरुस्तीला?"

"नव्यानंच करायला पाहिजे. दोन वर्षं."

"दोन वर्षं ते सीमेपलीकडचे हातावर हात धरून बसतील?" साहेबांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "वरून घोषणा झालीय हो. आपली पेटी, आपले डोळे. मी आता काय सांगू, की आपल्या डोळ्यांत मित्राचं झाकण आहे? आणि ठाण्यांना सांगितलं तर उद्या बाजारात कळेल, परवा पलीकडे. तुम्ही उद्या ठिपका द्या. मी तुम्हाला हुकूम देत नाही. पण दुसरं काही सुचत असेल तर सांगा, मी ऐकतो. खरंच ऐकतो."

ठिपका म्हणजे हिरव्या रंगाचा ठिपका. पेटी पास झाली की झाकणाच्या स्क्रूवर तपासनीस स्वतः देतो. तो असला की ठाण्यावर कोणी पुन्हा तपासत नाही. काका बघून गेलेत, म्हणतात. तीस वर्षांत त्याचा ठिपका कोणी खरवडला नव्हता.

तो उठला. बाहेरच्या लांब बोळातून चालताना ट्यूबलाइटी एकेक करून डोक्यावरून मागे जात होत्या, आणि त्याला बायको दिसली — खाटेवर, उशीला टेकून, दवाखान्यात जायच्या आधीच्या त्या महिन्यांत. रोज सकाळी तो दारातून विचारायचा, बरं आहे ना? ती म्हणायची, बरं आहे. तोच चेहरा, तेच हसू, काल होतं तेच. आणि तो निघायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांतलं खोटं पकडणारा माणूस... दारातून विचारायचा. आत जाऊन कपाळाला हात लावून बघावं, एवढी चार पावलं... मला कामावर जायचं असायचं. मला ऐकायचं होतं ते ती सांगत होती, आणि मी दार हलकेच ओढून घेत होतो.

तो बोळात थांबला. कोणीतरी विचारलं, काका, काय विसरलं? तो म्हणाला, काही नाही.

पोरीचा फोन संध्याकाळी आला, तो घरी पोचून बूट काढत असताना. पोर म्हणजे आता ठाण्यावरची अधिकारी. उत्तरेच्या टेकडीवर, पडद्यापुढे बसणारी. सोमवारी पहिली पेटी तिच्याच ठाण्यावर जायची होती.

"बाबा, जेवलात?"

"आत्ता कुठे आलोय. तू?"

"माझं सोडा. ऐका ना, इथं सगळे मला चिडवतायत. म्हणे तुझ्या बापाकडून आंदण येतंय. तो स्वयंपाकी तर विचारत होता, नुसती पेटीच का, भांडीकुंडी नाहीत?" ती हसली. आईसारखं हसायची ती, आधी श्वास आत घेऊन. "पण खरं सांगू, बरं वाटतंय. महिनाभर सगळ्यांचे चेहरे कसे झाले होते... आता म्हणतात, काकांनी केलीय ना, मग झोपा निवांत."

त्याच्या हातात एक बूट होता. तो त्यानं खाली ठेवला. या फोनवर कोणीतरी ऐकत असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"पडद्यावर फार विसंबू नकोस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे... मधूनमधून बाहेर येऊन वर बघत जा."

"बाबा, डोळ्यांना दिसायला लागल्यावर कसलं बघणं? तोवर ते आमच्या डोक्यावर आलेले असतात." ती पुन्हा हसायला गेली आणि थांबली. ती तपासनिसाची पोर होती. लहानपणी बापाच्या आवाजावरून ओळखायची, यंत्र पास की नापास. "बाबा. काही आहे का?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं. तो आवाज संपेपर्यंत त्याला वेळ मिळाला. मग तोही संपला.

"बाबा, मी काय विचारतेय?"

"ऐकतोय."

"पडद्यावर नको, बरं. मग कशावर विसंबू, तेवढं तरी सांगा."

तिनं वाट बघितली. चिडून नाही, लहान असताना गणित समजावून घ्यायला बसायची तशी, उत्तर आहेच असं धरून. मागून तिला कोणीतरी हाक मारली. "आले," ती तिकडे म्हणाली, आणि इकडे, "ठेवते. जेवा वेळेवर," आणि तिचा आवाज गेला.

तो तसाच बसून राहिला, एक पाय बुटात. उद्या ठिपका द्यायचा की नाही, हे अजून कुठेच ठरत नव्हतं; दिला तरी पोर तिथंच, पडद्यापुढे बसणार होती आणि नाही दिला तरी तिथंच. त्यानं सवयीनं आतला राग चाचपला — त्यांच्यावरचा, त्या देशावरचा, रोज उठवणारा. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा. भिंत तीच होती, उंची तीच, हात बरोबर तिथं गेला, आणि तिथं काही नव्हतं. सपाट. त्यांनी फसवलं हे वाक्य त्यानं मनात म्हणून बघितलं. पुन्हा म्हणून बघितलं. वाक्य खरंच होतं, पण ते आता दूरच्या कुठल्या तरी घरातल्या भांडणासारखं ऐकू येत होतं, आणि जवळ, अगदी कानाशी, पोर अजून वाट बघत होती.