शनिवारी जागा नाही

माझ्या भावाचं हॉटेल का बुडालं, हे या शहरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दातांच्या डॉक्टरांकडे गेले, तर माझ्या तोंडात हत्यार घालून ते मला समजावतात, की ताटल्या मोठ्या होत्या आणि घास लहान. तोंड उघडं असल्यामुळे मला वादही घालता येत नाही. भाजीवाली म्हणते, गाडी लावायला जागा नव्हती. ती स्वतः जन्मभर पायी फिरलेली. आमच्या ह्यांचं मत पडलं, की खुर्च्यांना हात नव्हते. खुर्च्यांना हात नाहीत म्हणून कुणी अकरा महिन्यांत गाशा गुंडाळतं का? पण मी ऐकून घेते. खरं कारण मला माहीत आहे आणि ते सांगायला मला तोंड नाही.

धाकटा अकरा वर्षं मोठ्या शहरातल्या बड्या हॉटेलांत आचारी होता. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, त्यामुळे अर्धा भाऊ आणि अर्धा मुलगा. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले आणि धाकट्याला वाटायला लागलं, की आपणही परतावं. बाबांनी त्याला आपलं दुकान दिलं. मुख्य रस्त्यावरचं घड्याळांचं दुकान, समोर भिंतभर काच. ती काच बाबा चाळीस वर्षं रोज सकाळी स्वतः वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसत आले होते. "मला आता बारीक काटे दिसत नाहीत," एवढंच म्हणाले आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांना अजून डासाचा पाय मोजता येतो.

धाकट्याच्या जुन्या हॉटेलवाल्यांनी सांगितलं होतं, की वर्षभर तुझी जागा राखून ठेवू, त्यानंतर नाही. म्हणजे वर्षभरात इथे बस्तान बसलं तर तो राहणार, नाहीतर जाणार. मला तो इथे हवा होता. माझे गुडघे बोलायला लागले होते, बाबांना रात्री दोनदा उठावं लागत होतं, आणि खरं सांगायचं तर घरात माझ्याशी भांडणारं कुणी उरलं नव्हतं. आमचे हे भांडत नाहीत, नुसते झोपतात.

म्हणून मी त्याच्या मदतीला गेले. फोन घेणं आणि आलेल्यांना बसवणं हे माझं काम. त्याला हॉटेल म्हटलेलं खपायचं नाही, रेस्टॉरंट म्हणायचं. नऊ टेबलं, पांढरे टेबलक्लॉथ, सात पदार्थ एकामागून एक, तेही तो ठरवेल ते. बदल करून मिळणार नाही. बांधून मिळणार नाही.

पहिल्याच आठवड्यात एक सिमेंटचे व्यापारी सहकुटुंब आले. त्यांच्यासमोर भली मोठी ताटली आली आणि तिच्या मधोमध गाजराचे तीन तुकडे. त्यांनी ताटली फिरवून सगळीकडून पाहिली आणि मला हळूच विचारलं, "ताई, हे दाखवायला आणलंय का? जेवण कधी येतं?" त्यांच्या बायकोने चार रिकाम्या ताटल्या मागितल्या, सगळ्यांत वाटून घ्यायला. तीन तुकडे चार जणांत. मी आत जाऊन सांगितलं तर धाकट्याने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, अरे दे ना चार ताटल्या, ताटल्यांचं काय आपण लोणचं घालणार आहोत? पण नाही. ताटल्या दिल्या की लोक वाटून खातात, वाटून खाल्लं की क्रम बिघडतो. क्रम म्हणे.

तरीसुद्धा व्यापारी सगळीकडे सांगत सुटले, की पोराच्या हाताला चव आहे, पोट नंतर घरी जाऊन भरता येतं. लोक हसत हसत का होईना, येत होते. चाललं असतं. माझं ठाम मत आहे, चाललं असतं.

मग धाकट्याने फोनचा नियम काढला. कुणी टेबल मागितलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. टेबलं रिकामी असली तरी. "या शनिवारी भरलंय, तीन आठवड्यांनी बघू," असं सांगायचं. रिकाम्या टेबलांवर 'आरक्षित' लिहिलेल्या लाकडी पाट्या ठेवायच्या. मोठ्या शहरात असंच करतात, नाही म्हटलं की लोकांची ओढ वाढते, असं त्याचं म्हणणं.

दुसरी कुणी असती तर अडखळली असती. पण मी तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळजोडणीच्या खिडकीत बसले आहे. नाही म्हणण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझं 'नाही' इतकं गोड असायचं, की माणूस आभार मानून जायचा आणि जिना उतरल्यावर त्याच्या लक्षात यायचं. निवृत्तीनंतर ती कला वाया चालली होती. धाकट्याने फोन हातात दिला आणि मला पुन्हा खिडकी मिळाली. मला मजा यायला लागली, हे मी लपवत नाही. माझ्या नणंदेला नाही म्हटलं, तेव्हा तर विशेष.

आता कळतं ते तेव्हा का कळू नये? मोठ्या शहरात नाही ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नाही, त्यामुळे त्याचा अपमानही होत नाही. इथे नाही ऐकलेला माणूस संध्याकाळी पाय मोकळे करायला निघतो, आमच्या काचेसमोरून जातो आणि सात रिकामी टेबलं बघतो. टेबलांवर पाट्या, पाट्यांमागे कुणी नाही. मग तो घरी जाऊन बायकोला सांगतो, बायको तिच्या बहिणीला, आणि बहीण माझ्या नणंदेची शेजारीण असते. एकाला नाही म्हटलं की चाळीस जण दुखावतात. इथे अशा ठिकाणी जेवायला येणारी माणसं आहेतच किती? दोन महिन्यांत मी निम्म्यांना गोड आवाजात घालवून दिलं.

पण खरं पाप ते नाही.

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी फोन वाजला. "नमस्कार. शनिवारी संध्याकाळी सात वाजता पाच जणांसाठी टेबल हवं होतं."

आवाज बाबांचा. मला हसू आलं. "बाबा, घरून बोलताय ना? सकाळी चहाला सांगायचं की."

"रीतसर करतोय. सगळे करतात तसा फोन."

"पाच कोण?"

"मी आणि आपले चौघे."

आपले चौघे म्हणजे बाबांचे रस्त्यावरचे दोस्त. समोरच्या टपरीतले चावीवाले, त्यांच्या शेजारचे चष्मेवाले, कोपऱ्यावरचे शिंपी आणि छत्री दुरुस्त करणारे काका. चाळीस वर्षं एकत्र चहा प्यायलेले. माझ्या डोळ्यांसमोर पांढरा टेबलक्लॉथ आला आणि त्यावर चावीवाल्यांची तेलाने काळी झालेली बोटं. शिंप्यांना सूप फुरकायची सवय. काका ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलतात. आणि शनिवारी डॉक्टर मंडळी येणार होती. मला लाज वाटली. लाजेचं नाव मी नियम ठेवलं.

"शनिवार सगळा भरलाय, बाबा. पुढच्या महिन्यात बघू. तुम्हाला काय, कधीही मागच्या दाराने या, स्वयंपाकघरात बसवते."

"बरं," ते म्हणाले. "भरलंय ते चांगलंच आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी साडेसातला डॉक्टर मंडळींनी दोन टेबलं धरली होती, बाकी सात पाट्या धरून बसली होती. मी पाणी ओतत असताना काचेबाहेर पाहिलं. पाचही जण रस्त्याने चालले होते. बाबा क्षणभर थांबले. त्यांनी आत पाहिलं, सगळं, डावीकडून उजवीकडे, जसे ते बंद पडलेल्या घड्याळात बघायचे. मग बाकीच्यांना काहीतरी म्हणाले आणि पुढे निघाले. पाण्याचा पेला भरून वाहायला लागला तेव्हा मी भानावर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "काल गर्दी झाली असेल ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी कप धुऊन पालथा घातला. मला ते एक संधी देत होते, हे कळूनही मी हो म्हटलं. तीस वर्षांची सवय, दुसरं काय.

त्यानंतर फोन हळूहळू मुका झाला. धाकटा पदार्थ बदलत राहिला, दिवे बदलत राहिला. खुर्च्यांना हातसुद्धा लावून आणले, ते आमचे हे सोयीस्करपणे विसरतात. तो रोज सकाळी मला विचारायचा, "ताई, चुकतंय कुठे?" आणि मी म्हणायची, "लोकांना कदर नाही."

अकराव्या महिन्यात कोठाराची चावी हरवली, म्हणून मी समोर चावीवाल्यांकडे गेले. ते कानस चालवत होते. गिऱ्हाईक पाच मिनिटं उभं असतं आणि त्या पाच मिनिटांत सगळं शहर त्यांच्याकडे येऊन बोलून जातं.

"लोक विचारत असतील ना आमच्याबद्दल?" मी म्हटलं.

"विचारतात की. समोरचं कसं आहे, म्हणतात."

"मग?"

"मी म्हणतो, काय माहीत. आम्हाला जागा मिळाली नाही." त्यांनी चावीवर फुंकर मारली. "चष्मेवालेही तेच सांगतात. खोटं कसं सांगणार, ताई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर मला तिथून हलता येईना.

त्या दुपारी मी घरी गेले. बाबा जेवणाच्या टेबलावर गजराचं घड्याळ उघडून बसले होते. मी म्हटलं, "बाबा, शनिवारी पाच जणांचं टेबल ठेवलंय. काचेजवळचं."

त्यांनी मान वर केली नाही. "शनिवारी नको. शनिवारी आम्हाला जायचंय."

"कुठे?"

"आहे एका ठिकाणी."

ते कुठेही जाणार नव्हते, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते मला साठी उलटल्यावर समजलं.

तरी शनिवारी मी सगळ्या पाट्या उचलून कपाटात टाकल्या. एकच ठेवली, काचेजवळच्या टेबलावर, पाच खुर्च्या लावून. अकरा महिन्यांतली पहिली खरी पाटी. सव्वासातला एक जोडपं आलं, त्यांना तेच टेबल हवं होतं. मी नाही म्हटलं. आठ रिकामी टेबलं दाखवली, तर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, इथे असंच करतात." गेले.

पावणेआठला धाकटा बाहेर आला. "हे कुणासाठी ठेवलंयस?"

मी त्याला सगळं सांगितलं. फोन, लाज, काच, सकाळचा चहा. तो पाटी हातात घेऊन ऐकत होता.

"तूच म्हणालास, सगळ्यांना नाही म्हणायचं," मी शेवटी म्हटलं.

"सगळ्यांना म्हणजे बाबांना धरून नव्हे, ताई."

मग तो आत गेला. सातही पदार्थ त्याने एकदम वाढले, क्रमाची ऐशी की तैशी करून. दोन परातींत सगळं मांडलं आणि एक स्वतः उचलली, दुसरी मला दिली. समोर टपरीत पाचही जण खोक्यांवर बसून चहा पीत होते. कुठेही गेले नव्हते. धाकट्याने परात चावीवाल्यांच्या फळीवर ठेवली, कुलपं बाजूला सारून. शिंप्यांनी सूप वाटीनेच तोंडाला लावलं आणि पाच जणांनी गाजराचे तुकडे वाटून घेतले. बाबांनी मासा खाल्ला, काटे एका ओळीत लावून ठेवले आणि म्हणाले, "मिठाचा अंदाज तुझ्या आईचा आहे."

धाकटा मान वळवून रस्त्याकडे बघत राहिला. रस्ता ओलांडून परत येताना त्याने मला सांगितलं, की काल शुक्रवारी त्याने जुन्या हॉटेलला हो कळवलं. गुरुवारची गाडी आहे. "शब्द दिलाय. बाबांना मी मंगळवारी सांगतो, तोवर तू गप्प राहा." हे त्याने मला एक दिवस आधी का सांगितलं नाही, असं मी विचारणार होते. मग वाटलं, मी त्याला सहा महिने आधी काय सांगितलं होतं?

सोमवारी सकाळी आम्ही आवराआवर करत होतो. खुर्च्या टेबलांवर अजून उलट्या ठेवायच्या होत्या. धाकटा आत सुऱ्या फडक्यात गुंडाळत होता. फोन वाजला. कितीतरी दिवसांनी.

"नमस्कार," चावीवाल्यांचा आवाज. "येत्या शनिवारी पाच जणांसाठी टेबल मिळेल का? या वेळी आम्ही आत बसून खाणार. आणि हो, व्यापारी पण विचारत होते, त्यांचे सहा वेगळे धरा."

मंगळवारपर्यंत गप्प राहायचं कबूल केलं होतं. माझं ते गोड 'नाही' शोधूनही सापडेना.

"नाही हो," मी कसंबसं म्हटलं. "शनिवारी जागा नाही."

"ताई," ते म्हणाले, "मला इथून दिसतंय. सगळी टेबलं रिकामी आहेत."

मी वळून काचेतून पाहिलं. ते टपरीच्या दारात फोन कानाला लावून उभे होते. शेजारी बाबा होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि ते माझ्याकडे बघत होते.