साहेबांच्या सेटवरचा थेंब

"बाई, आज तरी थेंब द्या हो."

आमचे साहेब, म्हणजे कारखान्याचे मुख्य इंजिनिअर, सकाळपासून माझ्या टेबलाभोवती घुटमळत होते. एवढा मोठा माणूस, पण आज परीक्षेला बसलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता.

"चित्र बघू दे आधी," मी म्हटलं.

"नऊ वर्षं हेच ऐकतोय मी!"

"मग अजून दोन तास ऐका. काय बिघडलं?"

शेजारच्या टेबलावर माझी धाकटी जाऊ तारांना डाख लावत होती, ती फिसकन हसली. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, एकाच कारखान्यात येतो, आणि भांडण झालं तरी एकाच डब्यातलं जेवतो.

सरकारी टीव्ही कारखाना आमचा. तयार झालेला प्रत्येक सेट शेवटी माझ्यासमोर येतो. मागचा बारीक स्क्रू फिरवत चित्र जागेवर आणायचं, आणि ते मनासारखं आलं की स्क्रूवर लाल रोगणाचा एक थेंब सोडायचा. थेंब वाळला की स्क्रू हलत नाही. मग त्याला कुणीही हात लावायचा नाही, अगदी मुख्य इंजिनिअरनंसुद्धा. सव्वीस वर्षं मी हेच करते आहे. सगळे मला थेंबबाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

साहेबांनी स्वतः शोधलेल्या नव्या तंत्राच्या सेटवर मात्र मी कधी थेंब दिला नव्हता. कधी चेहरे पिवळे पडायचे, कधी पळणारा माणूस मागे शेपूट सोडून जायचा. मी मान हलवली की बिचारे सेट उचलून पुन्हा जिना चढायचे. नऊ वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले, पण माझी मान काही हलायची थांबली नाही.

आज निकालाचा दिवस होता. देशभर टीव्हीचं नवं तंत्र एकच असेल, असं सरकारनं ठरवलं होतं. उद्योग खात्याची समिती आमच्याच सभागृहात दोन सेट शेजारी शेजारी लावून गुण देणार होती. एक साहेबांचा, दुसरा परदेशी कंपनीचा. आमचं तंत्र निवडलं गेलं तर देशातला प्रत्येक नवा सेट आमच्या डोक्यानं चालणार, कारखाना दुप्पट होणार. त्यांचं निवडलं गेलं तर सगळे भाग तिकडून येणार, आणि आम्ही नुसती खोकी जोडत बसणार. त्यांचे सेट आपले आपण चित्र जुळवून घेतात, म्हणजे माझ्या टेबलाचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको होता. नियम कडक होता. सेटसमोरचा कापडी पडदा उघडताना ज्याचं चित्र दिसणार नाही तो बाद.

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. समितीचे सात जण पडद्यासमोर, आम्ही कामगार बाजूच्या भिंतीला चिकटून, जिथून पडद्यामागचे सेट दिसत होते. सेट लावायला दोन्ही बाजूंना दहा मिनिटं दिली होती. आमचा सेट दुसऱ्याच मिनिटाला तयार झाला. साहेबांनी दुरूनच मला अंगठा दाखवला.

कंपनीच्या सेटवर मात्र चित्र येईना. यायचं, त्याचे चौकोनी तुकडे व्हायचे, आणि काळोख. त्यांचा इंजिनिअर एक उंच, किडकिडीत माणूस होता. आपलीच भाषा बोलणारा, तिकडे नोकरीला लागलेला. त्यानं बॅगेतून सिग्नलचा जोर वाढवणारी डबी काढून तारेला जोडली. चित्र आणखीच फुटलं. शर्ट पाठीला चिकटला त्याचा.

"चार मिनिटं उरली," समितीचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले.

जावेनं माझा दंड गच्च धरला. "ताई, फुटलं गं त्यांचं! बाद होतायत! जिंकलो आपण!"

खोटं कशाला बोलू, मलाही आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण डोळे त्या सेटवरून हलेनात. त्याचं काय चुकतंय ते मला लख्ख दिसत होतं. चाचणीचं चित्र प्रक्षेपित करणारा मनोरा आमच्या इमारतीला लागूनच होता. कुणी कानाला तोंड लावून ओरडलं तर शब्द कळतात का? तसं झालं होतं त्या सेटचं. आमच्या सेटला जोर कमी करणारी पितळेची टोपी पहिल्या दिवसापासून बसवलेली होती. तसल्या दोन टोप्या कायम माझ्या एप्रनच्या खिशात असतात. आणि हा बाबा जोर वाढवत सुटला होता!

समोर चित्र फुटत होतं आणि कुणीच काही करत नव्हतं. मी कधी पुढे गेले ते मला आठवत नाही.

"जरा सरका बघू."

"अहो, पण सिग्नलच मिळत नाहीये..."

"मिळतोय, नको इतका. काढा ती डबी."

डबी काढली, तारेच्या टोकाला टोपी बसवली, तार पुन्हा लावली. चित्र आलं. स्वच्छ, अगदी धुतल्यासारखं.

तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही... कारखान्याच्या ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वळले. जाऊ आ वासून उभी होती. साहेब चष्मा हातात घेऊन उभे होते.

"वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले. पडदा उघडला.

पुढचा अर्धा तास मी जन्मात विसरणार नाही. नदीकाठानं एक मुलगी पळत येत होती आणि तिचा केसन् केस वाऱ्यावर वेगळा दिसत होता. आमच्या सेटवर! शेपूट नाही, पिवळेपणा नाही, कातडी कातडीसारखी. सभागृहातून "अरे वा!" असा आवाज उठला, आणि मी मागचा सगळा घोटाळा विसरून टाळ्या पिटल्या. समितीतल्या एका गृहस्थांनी तर खुर्ची सोडून नाक सेटच्या काचेला लावलं.

मग शेवटची चाचणी आली. लांबच्या गावात पोचेल तसा सिग्नल हळूहळू कमी करत न्यायचा. आमच्या सेटवरची मुलगी आधी थबकली. त्यांची आणखी थोडं अंतर पळाली.

चार गुणांनी आमचं तंत्र गेलं.

सभागृह रिकामं झालं. जाऊ रडत होती. "तुझे हात बांधून आणायला हवे होते," ती म्हणाली आणि माझ्याच खांद्यावर डोकं टेकलं. जाताना तो किडकिडीत इंजिनिअर टोपी परत द्यायला आला. मी म्हटलं, "राहू दे, लागेल पुढे."

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाई, चार मिनिटं हात खिशात ठेवता आले नसते?"

"खिशातच होते, साहेब. तिथंच ती टोपी हाताला लागली."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मलाच रडू फुटलं. नऊ वर्षं या माणसाला जिना चढायला लावला आणि आज मीच त्याच्या पायाखालची पायरी काढून घेतली, असं वाटलं. डोळे पुसले आणि म्हटलं, "सेट पुन्हा लावा."

"आता कशाला?"

"लावा तर खरं."

मुलगी पुन्हा पळत आली. मी जवळून बघितलं, लांबून बघितलं, बाजूनं बघितलं. एप्रनच्या दुसऱ्या खिशातून रोगणाची बाटली काढली, काडी बुडवली आणि मागच्या स्क्रूवर थेंब सोडला. लाल, गोल, काठोकाठ.

साहेब वाकून बघत होते. "वाळायला किती वेळ लागतो हो?"

सगळ्या कारखान्याला ठाऊक असलेली गोष्ट.

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि तो वाळेपर्यंत, कुणाचा धक्का लागू नये म्हणून, सेटच्या मागे बसून राहिले.