तालमीच्या दारातला फळा

लेखिका व्हायचं मी दहावीतच जाहीर करून टाकलं होतं. अडचण एवढीच, की पहिलं वाक्य मनासारखं उतरत नव्हतं. लिहायचं, खोडायचं, कागद फाडायचा. घरात रद्दी वाढली, कथा काही जन्माला आली नाही.

तेवढ्यात आमच्या तालमीचा फळा लिहिणारे आकाराममामा गाडीवरून घसरले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आमच्या पेठेत तालमीच्या दारात रोज सकाळी नवा फळा लागतो म्हणजे लागतोच. कुणाची म्हैस व्याली, कोण पास झालं, फुटबॉलच्या मॅचमध्ये आमच्या तालमीच्या संघातलं कोण कसं खेळलं, सगळं चार ओळींत. मामांनी खडू माझ्या हातात कोंबला.

"स्वप्नाली, फायनलपतूर तू लिव. फायनलचा फळा जमला, तर पुढंबी तुझाच."

मला आभाळ ठेंगणं झालं! पण पहिल्याच सकाळी एकच ओळ मी लिहीत होते आणि पुसत होते. दुधाची किटली घेऊन निघालेले पिराजीआण्णा थांबले.

"आमची म्हस पिळून झाली, तुझी ओळ हुईना व्हय अजून?"

सगळा चौक हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागाच्या भरात सुचेल ते खरडलं आणि घरी आले. संध्याकाळी बघते तर लोक वाचून आपापल्या कामाला चाललेले. आभाळ काही कोसळलं नव्हतं.

मग रोज लिहीत गेले. काही फळे अगदीच भिकार झाले, ते दुसऱ्या सकाळी पुसले गेले, सुटले बिचारे. आणि एकदा माझी ओळ वाचून पिराजीआण्णा किटली खाली ठेवून हसले! त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नाही, इतकी खूश होते.

फायनल आली आणि जुन्या खोडीनं उचल खाल्ली. आठवडाभर मी विजयाचा मजकूर घोटला. सामन्याआधीच रंगीत खडूंनी, नक्षीसकट फळ्यावर उतरवला आणि वर चादर टाकली. आम्ही जिंकणारच होतो की!

टायब्रेकरला हरलो. आमच्या सम्राटचा शेवटचा शॉट गोलच्या वरून गेला.

सगळी पेठ परतली आणि सवयीनं फळ्यासमोर थांबली. मामांनी चादर ओढली. 'विजेते आम्हीच!'

कुणी हसलंसुद्धा नाही. पायरीवर सम्राट गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी ओलं फडकं घेतलं आणि आठवडाभराची मेहनत पुसून टाकली. शंभर डोळे पाठीवर. हात मात्र थांबला नाही, रोजचाच खडू, रोजचाच फळा!

'शॉट वरून गेला. पण फायनलपर्यंत आपल्याला सम्राटच घेऊन गेला. हे विसरणाऱ्यानं उद्यापासून मैदानात पाऊल टाकू नये. सकाळी सराव हाय. यायला लागतंय!'

सम्राटनं मान वर केली. वाचलं. बाहीनं डोळे पुसले. "येतो की!" तो ओरडला आणि मागं हलगी कडाडली. पोरं नाचायला लागली, हरून! पिराजीआण्णांनी तर शिट्टी मारली.

सकाळी मी उजाडताच फळ्यापाशी पोचले. मामा आधीच उभे होते, डाव्या हातात ओलं फडकं.

"मामा, आजचा दिस ऱ्हाऊ दे की. जन्मात एवढं चांगलं जमलं न्हाय."

"फळा तुझाच हाय आता," मामा म्हणाले. "म्हणूनच पूस."

पुसला. तिकडून किटली वाजवत आण्णा येत होते.

"काय गं, आज काय?"

"थांबा की जरा!" मी ओरडले आणि खडू उचलला.