आतल्या बाजूचा फोटो

दाजी गॅरेजमध्ये आले तेव्हा चिमणी एका गाडीच्या दाराखाली अर्धी आडवी झाली होती. चिमणी हे तिचं घरचं नाव. अंगानं ती चांगली भरभक्कम, आणि हातात कायम किलोभराचा हातोडा. अपघातात चेपलेले गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करायचे, हा तिचा बावीस वर्षांचा धंदा. दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शाळेत इतिहास शिकवून नुकतेच निवृत्त झालेले.

"चिमणे, बाहेर ये. तुझ्या कामाची वस्तू आहे."

"चेपलीय का?"

"चेपलीय ना! चारशे वर्षांपूर्वी."

ती हात पुसत उठली. दाजींच्या फोनवर जुन्या वस्तू विकणारी एक साईट उघडी होती आणि तिच्यावर छातीवर बांधायच्या लोखंडी चिलखताचे सहा फोटो. खाली लिहिलं होतं, 'अस्सल. रणांगणावरच्या धुरानं आतून काळं पडलेलं.'

"तीस वर्षं पुस्तकातलं चित्र दाखवत आलो गं," दाजी म्हणाले. "सर, किती जड असतं, असं पोरं विचारायची. मी आकडा सांगून मोकळा व्हायचो. स्वतः कधी हातात धरलं नाही."

"ताई काय म्हणाली?"

"चिमणी हो म्हणाली तर घ्या, असं म्हणाली. नाही म्हणाली तर पुन्हा या घरात विषय नको."

"मला इतिहासातलं ओ की ठो कळत नाही, दाजी."

"पत्र्यातलं कळतं ना?"

हे मात्र खरं होतं. चिमणीनं फोन हातात घेतला, फोटो मोठे करून पाहिले. सगळे समोरून काढलेले. बाहेरून गंजानं खड्डे पडले होते. गळ्याची कड मात्र बाहेर वळवून छान गुंडाळली होती.

"गाडी विकणारा माणूस चकाचक बाजू आपल्याकडे करून उभी करतो," ती म्हणाली. "मी आधी खाली वाकते. त्यांना आतल्या बाजूचा फोटो मागा."

दुपारी फोटो आला आणि दाजींचा चेहरा पडला. आतून चिलखत कोळशासारखं काळं होतं, आणि बरोबर मध्यभागी शेजारी शेजारी दोन भोकं; समोरच्या फोटोंत ती गंजाच्या खड्ड्यांत मिसळून गेली होती.

"रंग फासलाय," दाजी म्हणाले. "वाचलंय मी. नवा पत्रा जुना दिसावा म्हणून अॅसिडनं गंजवतात, काळा करतात. आणि ही भोकं म्हणजे गोळ्या लागल्याचं नाटक!"

चिमणीनं भोकांवर बोट ठेवलं. "गोळी आरपार गेली तर कडा आत फाटतात. या बघा, किती गोल आणि साफ. ड्रिल मारलंय हे. पट्टे तर खांद्यावर नि कमरेला. मग इथं भोकं कशाला हवीत?"

"फसवायला."

"फसवणाऱ्यानं फाटकं भोक पाडलं असतं ना. एवढी साफ भोकं पाडून फायदा काय त्याचा?"

तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. दाराचं काम करताना दोनदा हातोडा थांबला. शेवटी तिनंच दाजींना सांगितलं, "व्हिडिओ कॉल लावा."

पलीकडे एक चष्मा लावलेल्या, दाजींच्याच वयाच्या बाई आल्या. चिलखत त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं.

"बाई, थोडं तेल घेऊन आतला काळा भाग पुसाल का? एका कोपऱ्यातच," चिमणी म्हणाली.

फडकं काळंकुट्ट झालं. रंग असता तर एवढ्यानं निघाला नसता. खालचा पत्रा दिसू लागला तशी चिमणी पडद्यावर वाकली. हातोड्याचे घाव! एकाशेजारी एक, पण एकासारखा दुसरा नाही. बाहेरून तासून गुळगुळीत केलेलं, आतून तसंच सोडलेलं.

"आता एक सुई त्या भोकातून घाला, तिचं टोक आतल्या बाजूला पत्र्याबरोबर राहील असं नखानं अडवा आणि बाहेरच्या बाजूला सुईवर पेनानं खूण करा. तसंच कमरेच्या पट्ट्याच्या भोकात दुसरी सुई घालून करा."

"हे कशाला?" दाजींनी कुजबुजत विचारलं.

"कारखान्यातला पत्रा सगळीकडे सारखाच जाड असतो. हातानं घडवणारा मधे जाड ठेवील, कडेला पातळ. मार मधे बसतो ना."

बाईंनी सुया पट्टीला लावून दाखवल्या. मधली जाडी कडेच्या जवळजवळ दुप्पट होती. दाजी खुर्चीवरून अर्धे उठले.

"आता रागवू नका," चिमणी म्हणाली, "पण ही भोकं कसली?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "खरं सांगू? आमच्या घराच्या धुराड्यावर होतं हे. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आजोबांनी दोन भोकं पाडून तारेनं बांधलेलं. त्यांना कुठं सापडलं, कुणालाच माहीत नाही. धुराडं पाडलं तेव्हा खाली आलं. पण धुराड्याचं झाकण असं लिहिलं तर कोण विचारतंय? म्हणून दुसऱ्या जाहिरातीतलं वाक्य उचललं."

"अहो, रणांगणाचा नसला तरी धूर खरा आहे!" दाजी इतके हसले की त्यांना खोकला आला. बाहेरचा गंज पावसाचा, आतली काजळी चुलीची, भोकं तारेची. चिमणीला एकदम हलकं वाटलं.

"घ्या, दाजी," ती म्हणाली. "पण जाहिरातीतलं ते वाक्य काढायला सांगा."

आठ दिवसांनी खोकं गॅरेजमध्येच आलं. दाजींनी चिलखत दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि तसेच उभे राहिले. हात भरून आले तरी खाली ठेवेनात. चिमणीनं ते हळूच काढून घेतलं आणि दिव्याखाली उलटं करून आतली काजळी पुसली.

"दाजी, आपण एका ठिकाणी चुकलो."

"म्हणजे?"

"खालचा हा कोपरा मूळचा नाही. काजळीखाली दिसला नव्हता. कुणीतरी नंतर ठिगळ लावलंय."

दाजींचा आवाज उतरला. "फसलो का गं?"

"गाडीचं एक दार बदललं म्हणून गाडी खोटी होते का? वहीत लिहून ठेवा, जुनं कुठवर आणि ठिगळ कुठून. कुणी विचारलं तर तसंच सांगा." ती अजून त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होती. पत्रे जोडणारे चार रिव्हेट होते, बाहेरून घासून सपाट केलेले. बाहेरून सांधा डोळ्याला दिसत नव्हता, नुसता नखाला लागत होता. वेल्डिंग नाही, पुट्टी नाही. "कसं केलं असेल यानं?"

"कुणी?"

"ठिगळ लावणाऱ्यानं. माझ्याकडे एवढी यंत्रं आहेत तरी असा सांधा जमत नाही. दाजी, हे आठवडाभर इथं राहू दे."

दाजी नाखुशीनंच हो म्हणाले, आणि रोज सकाळी चिलखत बघायला येऊ लागले. चिमणीनं भंगारातलं एक दार कापून तोच सांधा करायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा पत्रा फाटला. दुसऱ्यांदा कड उचलून आली. तिसऱ्यांदा तिनं ठिगळाची कड आधी पातळ ठोकून घेतली, मग रिव्हेट मारले आणि दाजींना डोळे मिटायला लावून त्यांचं बोट वरून फिरवलं.

"कुठं लागतंय?"

"इथं," दाजी म्हणाले. मग थांबले. "नाही... इथं?"

"सांधा दोन्हीकडे नाही," चिमणी म्हणाली आणि पुन्हा हातोडा उचलला. तिच्या नखाला मात्र तो अजून लागत होता. अजून थोडं साफ व्हायला हवं होतं.