पाठीवरची पट्टी

चिकटपट्टीचे एक टोक सुटले होते. नदीवरून येणाऱ्या एप्रिलच्या गार वाऱ्यात ते फडफडत होते... वांडाला ते दिसत नव्हते, नुसते जाणवत होते, कुणी मागून हळूच टिचकी मारावी तसे. बेसबॉलच्या जर्सीच्या पाठीवर पांढरी पट्टी, तिच्यावर शाईने लिहिलेले चेंडू टाकणाऱ्या नव्या पोराचे नाव – गालार्से. खाली आणखी पट्ट्या, आणखी नावे, सगळी विकली गेलेली. पोरगा इथे घडायचा, सारे गाव त्याला डोक्यावर घ्यायचे, आणि मालक, तो धाकटा क्रेसलर, त्याला किनाऱ्यावरच्या श्रीमंत क्लबला देऊन टाकायचा. म्हणून या स्टँडात कुणी जर्सीवर नाव शिवून घेत नसे. शिवले की खेळाडू गेलाच!

"आता तरी शिवून घे," शेजारच्या खुर्चीतला एमेट सॉसेज चावत म्हणाला. पोलादाचा कारखाना चालू होता तेव्हापासून या दोन खुर्च्या त्यांच्या. "नऊ वर्षांचा करार केलाय क्रेसलरने त्याच्याशी. नऊ!"

"मी शिवायची, आणि उद्या पोराचा खांदा निखळायचा. बोल मलाच लागेल."

"तुला सुख बोचतं बघ, वांडा."

बोचतच होते. हिवाळ्यात रेडिओवर कराराची बातमी आली तेव्हा ती दारातले बर्फ उपसत होती. फावडे तसेच हातात राहिले, ती मोठ्याने हसली, आणि मग एकदम रिकामे वाटले... आता शिव्या कुणाला द्यायच्या? बस चालवायची तेव्हा क्रेसलरचे नाव काढले की अनोळखी उतारूसुद्धा बोलू लागत. जेवताना तिचा नवरा स्टॅन काटा आपटून म्हणायचा, कंजूष कुठला! आणि तिला वाटायचे, चला, घर जागेवर आहे. स्टॅन गेला. कारखाना गेला, शाळा गेली, बसचा मार्गही गेला... क्लब मात्र राहिला. दक्षिणेतल्या उबदार, पैसेवाल्या शहरांनी बोलावले तरी क्रेसलरने तो हलवला नव्हता. हे तिला ठाऊक होते. कधी तोंडाने म्हटले नव्हते, इतकेच.

मैदानात गालार्सेने सरावाचा चेंडू टाकला. झेलणाऱ्याच्या चामडी हातमोज्यात असा आवाज झाला की तिच्या अंगावर काटा आला. – आमचा, ती मनात म्हणाली, नऊ वर्षे आमचा – आणि तेवढ्यात कठड्याशी क्रेसलर आला. जुनीच टोपी. हात अर्धाच वर केलेला, मार खायची सवय झालेल्या माणसासारखा.

स्टँडाने सवयीने हुर्यो सुरू केली. मग ती मध्येच अडखळली, लोक एकमेकांकडे बघून हसू लागले. वांडा उठली. काय ओरडायचे ते ठरले नव्हते. तोंड उघडले आणि आले तेच आले.

"कंजूष कुठला!"

पण आवाज... तो शिवीचा नव्हता. स्टॅन उशिरा घरी आला की दार उघडताना तिचा जो आवाज असायचा, तो होता.

एमेट वळला. "ह्याला शिवी म्हणतात?"

"तू सॉसेज खा."

क्रेसलरने मान वर करून पाहिले – तिच्याकडेच की काय, कळले नाही. वारा आला. पट्टी आणखी थोडी सुटली, पाठीवर फडफडू लागली. दाबायला हात मागे गेला, आणि वांडाने पट्टी न दाबताच तो खांद्यावर राहू दिला.