आखाजीचं पाणी

तापीकाठची झुंबर धुळ्याच्या दक्षिणेकडच्या कोरड्या गावात दिली, तेव्हा तिच्या मामाने कपाळावर हात मारून घेतला होता. मुलगा चांगला, शेतही बऱ्यापैकी, पण गावाला नदी नव्हती. आता नदीचं एवढं काय, असं लग्न जमवणाऱ्यांना वाटतं, कारण त्यांना तिथे नांदायचं नसतं. सत्त्याऐंशी साल तर असं गेलं की टँकर आला तर गावात सण, नाही आला तर भांडण. झुंबरची सासू भागाबाई अंघोळीचं पाणीसुद्धा परातीत धरायची आणि परसातल्या शेवग्याला घालायची.

या घरात झुंबरला मुलगी झाली, रत्ना. पोर बाळसेदार, हसरी. झुंबरच्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं, हिला पाय फुटायच्या आत नदीत घालायची. तिच्या माहेरी रीतच ती. मूल बसायला लागलं की उन्हाळ्यात आई त्याला घेऊन उथळ पाण्यात उतरायची. झुंबरची आई यशोदाबाई या कामात नावाजलेली, शेजारणीही आपली पोरं तिच्या हातावर द्यायच्या. पाण्यात खेळलेलं मूल पोटभर पितं, गाढ झोपतं, पाठीत लवकर ताठ होतं, असं ती सांगायची. आणि मुख्य म्हणजे पाण्याची भीती त्याच्या अंगात शिरत नाही. एकदा पाय जमिनीला लागले की पोराला जमीनच खरी वाटायला लागते, मग शिकवणाऱ्याने कितीही जीव काढावा.

झुंबरला हे पटत होतंच, पण खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच नदी हवी होती. पोरीला न्हाऊ घालताना बादलीचा तळ दिसला की तिच्या जिवाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आईच्या हातावर आपण तरंगलो ते आठवणं शक्यच नव्हतं, तरी तिला ते आठवायचं. तेवढं रत्नाला मिळालं नाही तर ही आपल्या माहेराची कुणीच लागणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

भागाबाई मात्र नदीचं नाव काढू द्यायची नाही. त्याला कारण होतं आणि ते साऱ्या गावाला माहीत होतं. तिची थोरली लेक कुंदा लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पडली. काठावर बायका जमल्या, भागाबाई दोर सोडून पोरीला हाका मारत राहिली, पण उडी घेईल असं कुणी नव्हतं. त्या गावात पोहायला येत होतं कुणाला? त्यानंतर भागाबाईने मळ्यात पाऊल टाकलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला सून माहेरी गेली नाही तर खानदेशात लोक सासूलाच नावं ठेवतात, त्यामुळे भागाबाईचा इलाज चालेना. पण निघताना तिने झुंबरचा हात धरून रत्नाच्या डोक्यावर ठेवला.

"शपथ घे तुनी पोरनी. तिले पानीमा नको उतारू."

झुंबरने शपथ घेतली. न घ्यावी तर माहेर बुडत होतं, आणि घेतली तर माहेरी जाऊन करायचं काय, असं तिला झालं.

माहेरी सगळं जागच्या जागी होतं. लिंबाला झोके, पोरींची गाणी, आणि उन्हाने आक्रसलेल्या तापीत काठाशी कमरेइतकं स्वच्छ पाणी. यशोदाबाई पदर खोचून पाण्यात उभी राहायची आणि हात पुढे करायची.

"आन ना वं तिले."

झुंबर मान हलवायची. सासूला आवडत नाही, एवढंच ती बोलली होती. सासरचं दुःख माहेरी उगाळू नये म्हणून कुंदाची गोष्ट तिने आईला कधी सांगितलीच नव्हती.

"तुनी सासूले कोन सांगाले जाई राहिनं?" यशोदाबाई चिडून म्हणाली.

"माय, हात पोरना डोकावर व्हता."

झुंबर रोज धुण्याच्या दगडावर रत्नाला मांडीत घेऊन बसायची. पोरीला नाही तर आपल्यालाही नको, म्हणून स्वतःही पाण्यात उतरत नव्हती. त्यातच रत्ना झोक्याचा दोर धरून उभी राहायला लागली. घरभर कौतुक झालं आणि झुंबर चुलीपाशी जाऊन रडली.

न्यायला नवरा, पंडित, येणार होता. आली भागाबाई. नातीवाचून करमत नाही हे कबूल करणाऱ्यातली ती नव्हती. पंडितला काम निघालं, असं ती नंतर म्हणाली. घरात कुणी नाही म्हणून ती विचारत विचारत नदीवर आली आणि पाण्यापासून लांबच थबकली. शेजारणीचं तान्हं पोर पाण्यात हातपाय मारत होतं.

यशोदाबाईला राहवलं नाही. "विहीनबाई, तुमनी सून रोज आठे येस, पन पाय बी वल्ला नही करा तिनी."

भागाबाईने सुनेकडे पाहिलं. झुंबरने मान खाली घातली. भागाबाई बराच वेळ त्या परक्या पोराकडे बघत राहिली. मग तिने रत्नाला झुंबरच्या मांडीवरून उचललं आणि काठापर्यंत आली.

"शपथ सुटनी," ती म्हणाली आणि पोर तिने विहिणीच्या हातात दिली.

यशोदाबाईने रत्नाची मान आपल्या दंडावर घेतली, पाठीखाली तळवा धरला आणि तिला हळूच पाण्यावर निजवलं. गारव्याने पोर दचकली, आजीची बांगडी घट्ट धरली, ओठ काढले. मग तिचे पाय सैल झाले, उडायला लागले, आणि ती खदाखदा हसली. झुंबर लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरली. तिला इतकं सुख झालं की आईच्या खांद्याला धरून ती रडतच राहिली.

मागे भागाबाई दगडावर बसली होती.

"विहीनबाई," तिने विचारलं, "पानीमा पोरले भ्याव वाटस का वं?"

"कसानं भ्याव?" यशोदाबाईचं सगळं लक्ष रत्नाकडे होतं. "दखा ना, हासी राहिनी."

प्रश्न कुणाबद्दलचा होता ते झुंबरला कळलं. तिला मागे वळून सासूच्या तोंडाकडे पाहवेना.

बसची वेळ होत आली होती. यशोदाबाई पोरीला उचलायला लागली, तशी भागाबाई म्हणाली, "राहू दे. बस दुसरी बी शे. आजून थोडा वखत राहू दे तिले."