पाच सून

दुकानातल्या छपाई यंत्राने शेवटचं पान बाहेर टाकलं, तशी तामोत्सुने सगळी पानं काउंटरवर आपटून सारखी केली आणि मोजली. सात. रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या त्या दुकानात लोक तिकिटं नाहीतर दाखले छापायला येत. त्याने छापला होता तो एका स्टुलाचा नकाशा. गुडघे दुमडून बसताना बुडाखाली घ्यायचं, जेमतेम वीतभर उंचीचं स्टूल. नकाशा काढणारा निगाताकडचा कुणी म्हातारा सुतार होता, आणि तो नकाशा इंटरनेटवर विकत घेऊन तामोत्सुला आपणही निम्मे सुतार झाल्यासारखं वाटत होतं.

घरी त्याची बायको किनुए खुर्चीवर बसून मुळा किसत होती. चाळीस वर्षं ती किमोनो शिवत आली होती, आणि हे काम जमिनीवर बसूनच होतं. वसंतात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. खुर्चीवर बसून तिने शिवून पाहिलं, पण कापड पायांशी लोळायला लागलं आणि टाके तिरके पडले. नात चिहारु जानेवारीत विशी गाठलेल्या मुलामुलींच्या सोहळ्याला उभी राहायची होती. तिच्या किमोनोचं कापड फळीवर घडीतच पडून होतं. गेल्या आठवड्यात किनुएने मुलीला फोनवर सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर दे दुसरीकडे शिवायला." त्या दिवशी ती जेवली नाही. तामोत्सुने त्याच रात्री नकाशा शोधायला घेतला, पण हे तिला सांगायची त्याला लाज वाटली.

"उंची पाच सून," त्याने पहिल्या पानावरून वाचलं.

सून हे जपानातलं जुनं माप. दहा सुनांचा एक शाकू होतो, आणि मराठी वाचकांनी उगाच लग्नातल्या सुना डोळ्यांसमोर आणू नयेत.

"पाच?" किनुएचा हात थांबला. "देवळातलं स्टूल तेवढंच आहे. त्याच्यावर बसले की मला उठवायला दोघी लागतात. सव्वासहा करा."

"सव्वासहा! हे कुठून काढलंस?"

"गुडघे माझे आहेत ना?"

"अगं, ही काय मंडई आहे, वर दोन मिरच्या टाका म्हणायला? नकाशात पाच म्हणजे पाच."

तामोत्सु अडतीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात तपासनीस होता. केसाच्या जाडीचा फरक दिसला तरी तो भाग लाल डब्यात टाकायचा. निरोप समारंभात कारखान्याचे लोक हसत हसत म्हणाले होते की आता बायकोचं नशीब, आता ती लाल डब्यात. तो हसला नव्हता. मापात बसणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं, आणि त्याबाहेरचं फारसं काही माहीत करून घ्यायची वेळ आली नव्हती.

दुसऱ्या पानावर सुताराने लिहिलं होतं, 'मिलिमीटरची पट्टी कपाटात ठेवा. शाकूच्या पट्टीने मोजा, म्हणजे हाताला प्रमाण कळेल.' तामोत्सुला हे भलतंच आवडलं. त्याने आपली पोलादी पट्टी खरोखरच कपाटात ठेवून दिली.

"आपल्याकडे शाकूची पट्टी आहे का गं?"

किनुए चष्मा लावून शेवटचं पान वाचत होती.

"बघते," ती म्हणाली, आणि भिंतीला धरत धरत आत जाऊन आपल्या शिवणाच्या पेटीतली बांबूची पट्टी घेऊन आली. "ही घ्या. जपून हं, आईची आहे."

आठ दिवस अंगणातल्या शेडमध्ये करवत चालली. हिनोकीच्या लाकडाच्या वासाने तिथे वाळत टाकलेले कपडेसुद्धा भरून गेले. मधेच सातवं पान कुठे दिसेना. 'त्यावर आभारबिभार असतील,' किनुए म्हणाली, आणि मोबाइलवरच्या नकाशातली बारीक अक्षरं वाचायचा तामोत्सुला कंटाळा होता. स्टुलासाठी आणलेल्या लाकडी फळीचं मात्र नवल वाटलं. नकाशाप्रमाणे चांगला हातभर तुकडा उरायला हवा होता, पण फळी पुरता पुरता संपली. त्याने फळी विकणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

नवव्या दिवशी दुपारी स्टूल खोलीत आलं. किनुएने भिंतीचा आधार घेतला, पाय दुमडले आणि जपून बसली. थोडा वेळ डोळे मिटून राहिली. मग तळहात मांड्यांवर टेकले आणि एकटी उठून उभी राहिली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"अहो," ती म्हणाली, "ते फळीवरचं कापड खाली काढा."

कापड काढताना त्याने तोंड भिंतीकडे केलं.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा त्याला राहवलं नाही. शेवटी तपासनीसच तो. त्याने स्टूल उलटं केलं, कपाटातून पोलादी पट्टी काढली आणि उंचीला लावली. एकशे एकोणनव्वद मिलिमीटर. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सुमारे पंधरा सेंटिमीटर.' त्याने चारदा मोजलं. असा ढोबळ घोटाळा कारखान्यात कुणा नवख्याने केला असता, तर त्याने त्याला दारातूनच घरी पाठवला असता.

पायांवर कापायची रेघ आखायला हवी होती. खडू शिवणाच्या पेटीत असणार म्हणून त्याने पेटी उघडली. कात्रीखाली चौघडी घातलेला कागद होता. ते सातवं पान होतं.

आभार वरच्या दोन ओळींतच होते. खाली लिहिलं होतं, 'विशेष सूचना: शिवणकामाची बांबूची पट्टी वापरू नये. कापडाचा शाकू लाकडाच्या शाकूच्या सव्वापट असतो. त्या पट्टीने पाच सून मोजलेत, तर सव्वासहा होतील.'

'सव्वासहा'खाली पेन्सिलीने एक सरळ, नाजूक रेघ ओढलेली होती.

तामोत्सुने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्याने पानाची तशीच चौघडी घातली, कात्रीखाली ठेवली आणि पेटी बंद केली. स्टूल सुलटं करून कापडाजवळ, होतं तिथेच ठेवलं. मागे पावलं वाजली.

"काय शोधताय?" किनुए दारात हात पुसत उभी होती. तिची नजर पेटीवर होती, मग त्याच्या हातातल्या पोलादी पट्टीवर गेली.

"खडू."

"का? कापायचंय का काही?" तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

त्याने स्टुलाकडे पाहिलं. कापडाला टोचलेली सुई अर्ध्या टाक्यात थांबली होती, आणि त्यामागचे सगळे टाके सरळ होते.

"नाही," तामोत्सु म्हणाला. "मापात आहे."